पट्टी संपल्यानंतर

तुकोबांची पालखी उंडवडीपासून सराटीपर्यंत बारामती आणि इंदापूर तालुके ओलांडत जाते, तेव्हा चहा-पोह्यांच्या मंडपांशेजारी आरोग्य तपासणीचेही मंडप लागतात. वारकरी खुर्चीवर टेकतो, दंडाला पट्टा गुंडाळला जातो, आकडा सांगितला जातो, चार-पाच गोळ्या हातावर पडतात आणि दिंडी पुढे निघते. एरवीही या दोन तालुक्यांत शिबिरांना तोटा नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस असतो, गणेशोत्सव असतो, कारखान्याचा वर्धापनदिन असतो. रक्तदाब मोजणे हा अशा शिबिरातला सगळ्यात सोपा, स्वस्त आणि फोटोत बरा दिसणारा भाग. शिबिरे भरवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण उच्च रक्तदाब शिबिरात सापडला तरी शिबिरात आटोक्यात येत नाही. गोळ्यांची एक पट्टी संपल्यावर दुसरी वेळेवर हातात पडते की नाही, महिन्याच्या महिन्याला आकडा लिहिला जातो की नाही आणि घरातला मिठाचा डबा किती दिवसांत रिकामा होतो, यावर त्याचे पुढचे सगळे ठरते. पाणी, साखर, दूध, शिक्षण या प्रत्येक बाबतीत संस्था उभ्या करून दाखवलेल्या या भागाचा सार्वजनिक उत्साह रक्तदाबाच्या बाबतीत मात्र कार्यक्रमापाशीच थांबतो, असे माझे म्हणणे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च रक्तदाबावर अहवाल काढला. त्यात भारतातल्या ३० ते ७९ वयाच्या सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना हा विकार असल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या ३७ टक्क्यांचेच निदान झालेले, ३० टक्के उपचारावर आणि रक्तदाब खरोखर आटोक्यात असलेले अवघे १५ टक्के. हे आकडे ऐकून पहिली प्रतिक्रिया साहजिकच अशी होते की, ६३ टक्क्यांना पत्ताच नसेल तर शिबिरे वाढवायला हवीत. पण एकदा मोजलेला रक्तदाब म्हणजे निदान नव्हे. धावतपळत आलेल्या, नुकताच चहा घेतलेल्या, दाढेत तंबाखू धरलेल्या माणसाचा आकडा चढाच येणार. अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू बंद, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसणे, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर, बोलणे नाही आणि दोनदा मोजणी, असे करूनही आकडा १४०/९० किंवा त्याहून वर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे, मग नाव लिहायचे. म्हणजे निदानासाठीसुद्धा माणसाला परत यावे लागते. शिबिर परत भरत नाही. उरतो उपचार घेणाऱ्यांतला निम्मा वर्ग, ज्यांचा रक्तदाब गोळी 'चालू' असूनही चढाच राहतो. त्यांच्यापर्यंत शिबिर पोचण्याचा प्रश्नच नाही, कारण ते 'मला माहितेय, बीपी आहे मला' म्हणून रांगेतच उभे राहत नाहीत.

'मला काही त्रास होत नाही' हे या आजाराचे पहिले संरक्षक वाक्य. नीरा खोऱ्याला अशा न दिसणाऱ्या नुकसानीचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि जिराईत माळावर ऊस उभा राहिला. पीक डोळ्यांना जोमदार दिसत असताना जमिनीच्या पोटात पाण्याची पातळी वर चढत होती, सोबत क्षार वर येत होते. वावरात पांढरा थर दिसू लागला तेव्हा जमीन चोपण होऊन गेलेली होती. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या क्षारपड जमिनींवर १९१० साली मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यासाठी पुस्तिका लिहिली, ती याच अनुभवावर. शरीरात जवळपास तसेच घडते. मूत्रपिंडाला जादा मीठ वेळेत बाहेर टाकता आले नाही की पाणी धरून ठेवले जाते, रक्तवाहिन्या आवळतात, ताठर होतात आणि त्या दाबाविरुद्ध पंप चालवता चालवता हृदयाची भिंत जाड होत जाते. या सगळ्यात दुखत काहीच नाही. डोके दुखते म्हणून बीपी मोजायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे डोके दुसऱ्याच कारणाने दुखत असते. दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, ४० ते ६९ या वयात ११५ च्या वर दर २० अंकांनी वरचा रक्तदाब वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. हा चढ कुठल्याही पायरीवर त्रास देऊन सूचना देत नाही. पुढे एका सकाळी तोंड वाकडे होते, हात उचलत नाही आणि गाडी पुण्याच्या दिशेने निघते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. इंदापूर तालुक्याच्या टोकाच्या गावातून निघून, रस्ता, दाखला, स्कॅन या सगळ्यात हे साडेचार तास कसे संपतात ते सांगायला नको.

आता मीठ. सल्ला सगळ्यांना पाठ आहे आणि पाळत कोणी नाही, याचे एक कारण असे की 'मीठ कमी खा' या वाक्यात माप नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, त्यात भाजी, आमटी, ठेचा, लोणचे, फरसाण सगळे आले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅम खातो असे दिसले, पुरुष थोडे जास्त, बायका थोड्या कमी. हे ग्रॅम स्वयंपाकघरात कोणी मोजत नाही, पण मिठाची किलोची पिशवी मात्र प्रत्येक घरात येते. पाच माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅम धरले तर ती पिशवी चाळीस दिवस पुरायला हवी. पंचविसाव्या दिवशी रिकामी झाली तर घर ८ ग्रॅमवर आहे. लोणची-पापडांच्या दिवसांत हा हिशेब बिघडेल, पण एरवी पिशवी फोडली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करण्याइतके हे सोपे आहे. युरोप-अमेरिकेत बहुतांश मीठ कारखान्यात तयार झालेल्या पदार्थांतून पोटात जाते, त्यामुळे तिथे कंपन्यांना वेसण घालावी लागते. आपल्याकडे अजून मोठा वाटा घरच्या फोडणीनंतर पडणाऱ्या चिमटीचा आहे. त्यात मटणाच्या रश्शाबरोबर तोंडी लावायला खर्डा, भाकरीशेजारी लोणच्याची फोड, चारच्या चहाबरोबर खारी, एसटी स्टँडवरचे वेफर्स आणि पोराच्या डब्यातले चटकदार नूडल्स यांची भर. भिगवणची मासळी ताजी खाल्ली तर तिला दोष नाही. सुकट-बोंबलाची गोष्ट वेगळी.

यावर शिवारातून येणारा आक्षेप रास्त वाटावा असा आहे. उन्हात राबणाऱ्याचे मीठ घामातून जाते, त्याला कमी मीठ सांगणे म्हणजे शहरी डॉक्टरचा बसल्या जागचा सल्ला. यात तथ्य आहे, पण थोडे. उन्हाला सरावलेल्या शरीराच्या घामात मीठ कमी कमी होत जाते आणि दिवसभर राबणाऱ्याची गरजही रोजच्या जेवणातून भागते. शिवाय ज्याच्या तोंडी हा युक्तिवाद असतो तो बहुतेक वेळा स्वतः राबत नसतो. नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी ठिबकने आणि बटणाने सुटते, शेतावर जाणे मोटारसायकलने. आजोबांचे मीठ नातवाने चालू ठेवले आणि आजोबांचा घाम मात्र सोडून दिला, असा हा सरळ हिशेब आहे. खरोखर ऊस तोडणाऱ्या माणसाला मीठ सोडायला कोणी सांगू नये. ज्याच्या नावावर तो ऊस आहे त्याने मात्र पिशवीवरच्या तारखेकडे बघावे. चव न घालवता मीठ बदलण्याचाही एक मार्ग तपासून झालेला आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षे चाललेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्या गावांना पाव भाग पोटॅशियम क्लोराईड मिसळलेले मीठ दिले गेले. त्या गावांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांना आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हे मीठ धोक्याचे ठरू शकते, म्हणून ते दुकानातून परस्पर आणायचे नाही, आधी विचारायचे. फिनलंडच्या नॉर्थ करेलिया या दुधावर जगणाऱ्या प्रांताने १९७२ पासून लोणी, मीठ, तंबाखू यांवर गावपातळीवर काम केले आणि पुढच्या चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक कमी झाले. तिथे हे काम डॉक्टरांइतकेच गृहिणींच्या संघटनांनी केले होते.

'आम्ही काटक माणसे, आम्हाला कुठला बीपी' हा समज पुण्याच्याच संशोधनाने डळमळीत केलेला आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता आणि बालकांचा जो अभ्यास चालवला, त्यात इथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, तरी चरबीच्या प्रमाणात मागे नाहीत, असे दिसले. काट्यावर हलका भरणारा माणूस आतून हलका असतोच असे नाही. तंबाखू, मिश्री आणि दारू यांबद्दल नव्याने सांगण्यासारखे काही नाही. मिश्री लावणाऱ्या बाईला मात्र तंबाखूबद्दल क्वचितच विचारले जाते, कारण तंबाखूचा प्रश्न पुरुषांपुरता धरलेला असतो.

सगळ्यात चिवट आक्षेप गोळीवर आहे. एकदा सुरू झाली की सुटत नाही, सवय लागते, मूत्रपिंडे खराब होतात, त्यापेक्षा देशी औषध बरे. सुटत नाही हे बहुतेकांच्या बाबतीत खरे आहे, कारण गोळी दाब खाली धरून ठेवते, दाब वाढण्याचे कारण उपटत नाही. वजन उतरले, मीठ आणि दारू सुटली तर काहींची मात्रा कमी होते, क्वचित गोळी थांबतेही, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. ॲम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात, टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, आणि हे आधी सांगितले पाहिजे. पाय सुजला म्हणून गोळी गुपचूप बंद करणारा रुग्ण हा न सांगितल्याचा परिणाम असतो. मूत्रपिंडांचे मात्र उलटे आहे, ती जातात न उतरलेल्या रक्तदाबाने. देशी औषधाचा मुद्दा तर आपल्याच मुंबईत निकालात निघाला. सर्पगंधेची मुळी इथे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन, आकडे नोंदवून, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला, तेव्हा जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. त्या मुळीतून निघालेले रिसर्पिन पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या प्रयोगात वापरलेल्या तीन औषधांपैकी एक होते. रक्तदाब उतरवला तर माणसे वाचतात हे पक्के सिद्ध करणारा तो पहिला मोठा पुरावा. १९६७ च्या त्या निष्कर्षात, फार चढा रक्तदाब असलेल्यांपैकी नकली गोळी घेणाऱ्या ७० जणांत २७ गंभीर घटना घडल्या आणि खरी औषधे घेणाऱ्या ७३ जणांत दोन. म्हणजे देशी मुळीवर आक्षेप नव्हताच, तिला मोजून बघण्याचा आग्रह होता. आज कोणी काढा किंवा चूर्ण देत असेल तर त्यालाही हाच प्रश्न विचारायचा, की महिन्याने आकडा किती आला?

दुसऱ्या बाजूने, शिकलेल्या वर्गाकडून, येणारा आक्षेप असा की हा सगळा औषध कंपन्यांचा खेळ आहे. मर्यादा खाली आणत न्यायची आणि धडधाकट माणसांना रुग्ण करायचे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी १३०/८० पासूनच उच्च रक्तदाब धरायचे ठरवले तेव्हा एका रात्रीत कोट्यवधी लोक रुग्ण झाले, हे खरेच आहे आणि त्यावरचा वाद योग्य आहे. पण आपल्या सरकारी कार्यक्रमात मर्यादा १४०/९० चीच आहे आणि १७०-१८० घेऊन फिरणारा माणूस या वादात येतच नाही. कंपन्यांचा फायदा म्हणावा तर ॲम्लोडिपिनची दहा गोळ्यांची पट्टी जनऔषधी दुकानात दहा रुपयांच्या आत मिळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, पणदरे, मोरगाव, बावडा, पळसदेव अशा गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. औषध स्वस्त आणि दवाखाना जवळ, एवढ्याने काम भागले असते तर प्रश्न कधीच सुटला असता.

तो कसा सुटू शकतो याचे उदाहरण नीरा नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. आयसीएमआर, आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये देशातल्या २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर सातारा होता. त्यात नवे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. एकच ठरलेली उपचारपद्धत होती: आधी ॲम्लोडिपिन, महिन्याने दाब उतरला नाही तर टेल्मिसार्टनची जोड, तरी नाही तर लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी गोळी. तीन-चारच औषधे घेतल्यामुळे ती मोठ्या प्रमाणात आणि वेळेवर मागवता आली. रुग्णाला महिन्याचे औषध एकदम, शक्यतो गावाजवळच्या केंद्रातून. आणि प्रत्येकाची नोंद अशी ठेवलेली की, या महिन्यात कोण आले नाही ते दिसावे आणि त्याला फोन जावा. या केंद्रांत उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आला आणि २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर पुरस्कार मिळाला.  शिक्षित डॉक्टरशिवाय हे होणार नाही, या शंकेलाही उत्तर आहे. चीनमध्ये ३२६ गावांतल्या सुमारे ३४ हजार रुग्णांवरच्या प्रयोगात गावपातळीवरच्या, कमी शिक्षण झालेल्या वैद्यांनी ठरलेल्या पद्धतीने उपचार केले आणि दीड वर्षात ५७ टक्क्यांचा रक्तदाब १३०/८० खाली आला. नेहमीच्या पद्धतीच्या गावांत हे प्रमाण २० टक्के होते. आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरातला समुदाय आरोग्य अधिकारी आणि गावातली आशा यांच्या आवाक्याबाहेरचे यात काही नाही, फक्त त्यांच्यावर दर महिन्याला नवे अभियान लादायचे थांबवले तर.

आणि इथेच बारामती-इंदापूरला एक सोय आहे. सकाळी सहाच्या सुमारास गावातल्या दूध संकलन केंद्रावर उभे राहावे. किटल्या, बरण्या, कॅन घेऊन माणसे येतात, त्यांत बायका बऱ्याच. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना यंत्राखाली जातो, फॅट आणि एसएनएफचा आकडा उमटतो, पावती निघते. ३.५ आणि ८.५ हे आकडे शाळा न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असतात आणि एक पॉइंट घसरला तर भाव किती कापला जाईल हेही. हा प्रकार दिवसातून दोनदा, वर्षभर, न चुकता चालतो आणि दर दहा दिवसांनी पगार वाटला जातो. आकडा मोजणे, लिहून ठेवणे आणि घसरला तर चारा-पेंडीत बदल करणे ही शिस्त या भागात मुरलेली आहे. दुधाच्या पगाराच्या दिवशी आशा किंवा आरोग्य अधिकारी केंद्राशेजारच्या खोलीत यंत्र, नोंदवही आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन बसली, तर ज्याला दवाखान्यासाठी वेगळी रजा, वेगळी गाडी आणि वेगळे निमित्त लागते तो माणूस आपल्या पायाने तिथे आलेला असेल. दूध संघांच्या वार्षिक खर्चात दोन-तीन हजारांचे यंत्र ही नोंद घेण्याजोगी रक्कम नाही. खोली शेजारची हवी, खिडकी तीच नको. फॅटचा आकडा मोठ्याने पुकारतात तसा माणसाचा रक्तदाब पुकारला गेला तर दुसऱ्या महिन्याला कोणी येणार नाही, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलीची आई.

ज्याच्याकडे गाय-म्हैस नाही, तो या योजनेत कुठे, हा प्रश्न उरतोच. भूमिहीन मजूर, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार आणि सगळ्यात आधी ऊसतोड करणारा. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती या कारखान्यांच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या उतरतात आणि गाळप संपेपर्यंत कोप्यांत राहतात. गावी आरोग्य केंद्रात नाव असले, पट्टी मिळत असली, तरी इथे आल्यावर ती पट्टी संपते आणि पुढचे पाच-सहा महिने काहीच नाही. मग उन्हाळ्यात गावी परतल्यावर तिथली नोंदवही त्याला 'गैरहजर' दाखवते. याला नवा दवाखाना लागत नाही. निघताना गावच्या केंद्राने तीन महिन्यांच्या गोळ्या आणि मात्रा लिहिलेले कार्ड द्यायचे, आणि इथल्या केंद्राने ते कार्ड बाहेरचे म्हणून परत न करता त्यावर पुढच्या गोळ्या द्यायच्या. कोणत्या टोळीत किती कोयते आणि कुठल्या गावचे, ही यादी मुकादमाला उचल देतानाच कारखान्याच्या शेती विभागात तयार होते. तिची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे जाण्यासाठी संचालक मंडळाच्या एका ठरावाची गरज आहे, आणि तो ठराव पुढच्या हंगामाआधी होऊ शकतो.